प्रकाशयोजनेकडून निर्मितीच्या नेतृत्वाकडे : नवोदितांसाठी मार्गदर्शन

रंगमंचावरची प्रकाशयोजना आणि कलानिर्मितीचे नेतृत्व ही वरवर पाहता दोन निराळी क्षेत्रे वाटतात. एक काम अंधाऱ्या प्रेक्षागृहात बसून दिव्यांच्या तीव्रतेचे आकडे ठरवण्याचे, तर दुसरे बैठका, अंदाजपत्रके, करार आणि वेळापत्रके सांभाळण्याचे. तरीही पहिल्या कामातून दुसऱ्याकडे जाणारी वाट चांगली मळलेली आहे आणि त्यामागे ठोस कारण आहे. नेपथ्यकाराला कार्यशाळेत, वेशभूषाकाराला शिवणाच्या टेबलावर आणि नटाला तालमीच्या खोलीत आपले काम बरेचसे पुरे करता येते. प्रकाशयोजनाकाराला मात्र प्रत्यक्ष रंगमंच, उभे राहिलेले नेपथ्य, अंगावर कपडे चढवलेले नट आणि पक्क्या झालेल्या हालचाली हे सारे एकत्र आल्याखेरीज आपले काम डोळ्यांनी पाहताच येत नाही. परिणामी इतर प्रत्येक विभागाला झालेला उशीर शेवटी त्याच्या वाट्याच्या वेळेतून वजा होतो. कोणाचे काम कोणावर अडते हे त्याला इतरांच्या आधी कळू लागते ते या नाइलाजातूनच, आणि निर्मितीप्रमुखाला जी समज सर्वांत जास्त लागते ती हीच. ही समज जाणीवपूर्वक कशी कमवावी, या दृष्टीने पुढील पायऱ्या मांडल्या आहेत.

पहिली पायरी : शिडीवरून सुरुवात

शिक्षण कोठेही झालेले असो, आरंभी काही काळ दिवे टांगणारा, तारा ओढणारा आणि शिडीवर चढणारा मदतनीस म्हणून काम करावे. फ्रेनेलचा मऊ कडांचा झोत, प्रोफाइलची कापून आकार देता येणारी कड, पार (PAR) दिव्याचा लंबगोल ठसा आणि पडदा सरसकट उजळणारा फ्लड या चार प्रकारच्या दिव्यांतला फरक पुस्तकातल्या आकृतीपेक्षा हाताला लवकर कळतो.

याच काळात विजेचे साधे गणित पक्के करावे. वॅटला व्होल्टने भागले की अँपियर मिळतात. २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर १००० वॅटचा एक दिवा सुमारे ४.३५ अँपियर प्रवाह घेतो. म्हणजे १५ अँपियरच्या एका सर्किटवर असे तीन दिवे चालतील, चौथा जोडताच भार १७ अँपियरच्या वर जाईल. जेथे पुरवठा १२० व्होल्टचा असतो तेथे त्याच क्षमतेचा दिवा ८ अँपियरहून अधिक प्रवाह घेतो, त्यामुळे दौऱ्यावर जाणाऱ्या संचाला आपली सर्किटांची मांडणी नव्याने मोजावी लागते. मुख्य पुरवठ्याला हात घालण्याचे काम मात्र अधिकृत वीजतंत्रज्ञाचेच आहे, हे सुरुवातीलाच मनात ठसवून घ्यावे. प्रत्येक दिव्याला क्लँपखेरीज वेगळी सुरक्षा तार असावी, वर चढताना खिसे रिकामे असावेत, पाना मनगटाला किंवा पट्ट्याला बांधलेला असावा आणि खाली कोणी उभे राहू नये. पुढे नेतृत्व करताना हेच नियम इतरांकडून पाळून घ्यायचे असतात. ज्याने ते स्वतः पाळले आहेत त्याच्या शब्दाला वजन येते.

दिवा रोखण्याची, म्हणजे फोकसिंगची पद्धत येथे थोडी तपशिलाने सांगतो, कारण नवोदित तीत हमखास गोंधळतात. प्रकाशयोजनाकार नट जेथे उभा राहणार तेथे स्वतः उभा राहतो आणि दिव्याकडे पाठ करतो. दिव्याकडे टक लावून पाहणारा माणूस पुढची दोन मिनिटे काहीच नीट पाहू शकत नाही; पाहायची असते ती आपली सावली. झोताचा सर्वांत तेजस्वी भाग आपल्या डोक्याच्या सावलीभोवती आला की शिडीवरच्या माणसाला थांबायला सांगावे आणि आधी आडवी दिशा, मग उतार, अशा क्रमाने बोल्ट घट्ट करून घ्यावेत. त्यानंतर कड मऊ हवी की धारदार हे ठरवावे, आणि सर्वांत शेवटी शटर, म्हणजे झोताची कड कापणाऱ्या पट्ट्या, आत ढकलून विंगांवर, कमानीवर किंवा पडद्यावर सांडणारा प्रकाश कापावा. हा क्रम उलटा केला तर शटर पुन्हा लावावे लागतात आणि प्रत्येक दिव्यामागे दोन मिनिटे वाया जातात. ती मिनिटे पुढे वेळापत्रकाच्या हिशेबात आपल्याला पुन्हा भेटणार आहेत.

दुसरी पायरी : प्रकाश पाहायला शिकणे

यंत्रे हाताळता येणे आणि प्रकाश दिसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक दिवा, एक चेहरा आणि एक अंधारी खोली एवढ्या सामग्रीवर कितीतरी शिकता येते. दिवा चेहऱ्याच्या पातळीवर समोर ठेवला की चेहरा सपाट होतो आणि सावली थेट मागच्या पडद्यावर जाऊन बसते. सुमारे ४५ अंशांच्या उंचीवर नेला की नाक, गाल आणि हनुवटी यांना सवयीचा उठाव मिळतो. त्याहून बराच वर, ६० अंशांच्या पलीकडे नेला की डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात आणि नट काय विचार करतो आहे हे प्रेक्षकाला वाचता येईनासे होते. मागून येणारा प्रकाश माणसाला पार्श्वभूमीपासून सुटा करतो. बाजूने येणारा प्रकाश शरीराची घडण दाखवतो, म्हणून नृत्यात विंगांमधल्या उभ्या खांबांवरचे दिवे इतके महत्त्वाचे ठरतात.

या शास्त्राचा इतिहास थोडक्यात माहीत असावा. स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेले अडॉल्फ आपिया (१८६२–१९२८) यांनी असा विचार मांडला की रंगवलेले सपाट पडदे आणि नटाचे त्रिमितीय शरीर यांचा मेळ बसत नाही, त्यामुळे जागा घडवण्याचे काम प्रकाशाने करावे. अमेरिकेत येल विद्यापीठात शिकवणारे स्टॅन्ली मॅक्कँडलेस यांनी १९३२ साली रंगमंचाचे लहान विभाग पाडून प्रत्येक विभागावर दोन्ही बाजूंनी, एक उबदार आणि एक थंड छटेचा, असे दोन दिवे टाकण्याची शिस्तबद्ध पद्धत मांडली, आणि ती आजही शिकवली जाते. अमेरिकेतल्या प्रकाशयोजनाकार जीन रोझेंथाल (१९१२–१९६९) यांनी नृत्याच्या प्रकाशयोजनेला बाजूच्या प्रकाशाची भाषा दिली. भारतात तापस सेन (१९२४–२००६) यांनी १९५९ मध्ये उत्पल दत्त यांच्या नाटकात कोळशाच्या खाणीत पाणी चढत असल्याचा जो आभास निर्माण केला, त्याची चर्चा आजही होते. मॅक्कँडलेस यांची पद्धत आधी नीट आत्मसात करावी, असे माझे मत आहे. ती जुनी झाली असे म्हणून तिला वळसा घालणाऱ्यांच्या योजनांत बहुधा कोणता तरी कोपरा अंधारात राहिलेला असतो आणि तो नेमका नटाच्या शेवटच्या वाक्याच्या वेळी लक्षात येतो.

काही भौतिक नियम तोंडपाठ असावेत. अंतर दुप्पट झाले की उजेड चौथाई होतो, म्हणून मोठ्या सभागृहाच्या समोरच्या बारवरून, म्हणजे दिवे टांगायच्या आडव्या नळीवरून, लहान दिवे निष्प्रभ वाटतात. रंगमंचावरचा हॅलोजन दिवा पूर्ण तेजावर सुमारे ३२०० केल्विनचा (केल्विन हे प्रकाशाच्या छटेचे माप) असतो आणि मंद करत नेला की तांबूस होत जातो. एलईडी दिवा तसा आपोआप होत नाही, ते तांबूसपण त्यात मुद्दाम घालावे लागते. शिवाय एलईडीचा पांढरा प्रकाश डोळ्याला तसाच दिसला तरी त्यातल्या रंगलहरींचे प्रमाण वेगळे असल्याने कापड वेगळे दिसू शकते. वेशभूषेसाठी कापड घेण्याआधी त्याचा तुकडा प्रत्यक्ष वापरायच्या दिव्याखाली धरून पाहावा, ही सूचना वेशभूषाकाराला वेळेवर करणे हे विभागांना जोडणारे पहिले छोटे काम समजावे.

तिसरी पायरी : संहिता, तालीम आणि कागद

संहितेचे पहिले वाचन केवळ वाचक म्हणून करावे, दुसऱ्या वाचनात स्थळ, काळ, ऋतू आणि प्रकाशाचे उगम टिपावेत, तिसऱ्यात प्रकाश का बदलावा याची कारणे शोधावीत. त्यानंतर तालमींना बसावे, कारण कागदावर मध्यभागी असलेला प्रवेश तालमीत कधी डाव्या कोपऱ्यात सरकतो हे तेथे बसल्याशिवाय कळत नाही. प्रत्येक क्यूसाठी, म्हणजे ठरवलेल्या प्रत्येक प्रकाशबदलासाठी, तीन गोष्टी लिहाव्यात : तो कशावर सुटतो, किती सेकंदांत पुरा होतो आणि कशासाठी आहे. तिसऱ्या रकान्यात लिहायला काही सुचत नसेल तर तो क्यू बहुधा नको असतो. क्यूंना दहाच्या अंतराने क्रमांक द्यावेत, म्हणजे मध्ये नवे क्यू घालायला जागा राहते.

कागदपत्रांचा कंटाळा करणारे पुष्कळ गुणी लोक या क्षेत्रात आहेत, आणि ते आयुष्यभर इतरांच्या वेळापत्रकाचे गुलाम राहतात. मोजमापाने काढलेला, १ः५० किंवा १ः२५ प्रमाणातला आराखडा, कोणता दिवा कोठे, कोणत्या वाहिनीवर (नियंत्रणाच्या क्रमांकावर), कोणत्या रंगाचा हे सांगणारी यादी, फोकसची टिपणे, क्यूंचा तक्ता, आणि बोर्डाशेजारी, म्हणजे दिवे चालवायच्या यंत्राशेजारी, ठेवायचा, वाहिन्या एका नजरेत दाखवणारा कागद, एवढे तयार असलेच पाहिजे. या कागदपत्रांची कसोटी सोपी आहे : उद्या आपण आजारी पडलो तर तिसऱ्याच माणसाला यावरून दिवे टांगता आणि रोखता येतील का? ज्याला आपले काम दुसऱ्याच्या हाती देता येईल असे लिहिता येते, त्याच्याकडे पुढे दहा माणसांचे काम सोपवता येते.

तांत्रिक बाजूबद्दल येथे थोडेच सांगतो, कारण ती शिकवणारे मुबलक आहेत. दिव्यांशी बोलण्याची डीएमएक्स ५१२ ही सामाईक पद्धत १९८६ साली ठरली; तिच्या एका ओळीवर ५१२ वाहिन्या असतात आणि प्रत्येकीचे मूल्य ० ते २५५ असते. बारा वाहिन्या खाणारा एलईडी दिवा असेल तर एका ओळीवर असे ४२ दिवे बसतात, त्रेचाळिसाव्यासाठी दुसरी ओळ लागते. एका साखळीत ३२ पेक्षा जास्त उपकरणे जोडू नयेत, अधिक हवी असल्यास मध्ये स्प्लिटर, म्हणजे संदेश अनेक शाखांत वाटणारे उपकरण, घालावे, आणि साखळीच्या शेवटी १२० ओहमचा टर्मिनेटर, म्हणजे ओळ बंद करणारा रोधक, लावावा. दिवे अकारण लुकलुकू लागले की आधी तोच आहे का ते पाहावे. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवर १९७५ साली प्रकाशयोजनाकार थॅरन मसर यांनी स्मरणशक्ती असलेला संगणकीय बोर्ड प्रथम वापरला आणि त्यानंतर दर प्रयोगाला तेच क्यू तंतोतंत मिळणे शक्य झाले. बोर्डावर बोटे भराभर चालणे हे कौशल्य कमी लेखू नये, पण त्याला प्रकाशयोजनाही म्हणू नये.

चौथी पायरी : तांत्रिक तालीम

नेतृत्वाचे खरे शिक्षण येथेच होते. तांत्रिक तालमीत रंगमंचावर सर्व विभाग प्रथमच एकमेकांना भेटतात, प्रत्येक जण थकलेला असतो, आणि जवळजवळ प्रत्येक थांबा प्रकाशामुळे झाला असे दिसते, कारण दिसते ते प्रकाशातच.

एक उदाहरण घेऊ. नायिका खिडकी बंद करते आणि खोलीतला संध्याकाळचा उजेड ओसरतो, असा प्रसंग आहे. क्यू २७०, कालावधी सहा सेकंद. प्रकाशयोजनाकाराला वाटते की क्यू खिडकी बंद होताच सुटावा. रंगमंच व्यवस्थापक तसे पुकारते आणि प्रकाश दर वेळी उशिरा हलल्यासारखा वाटतो. दोष कोणाचाच नसतो. व्यवस्थापकाने पाहणे, तिच्या तोंडून शब्द निघणे, बोर्डाच्या चालकाचे बोट दाबले जाणे आणि सहा सेकंदांच्या बदलाचा पहिला डोळ्याला जाणवणारा भाग दिसणे यांत सहज एक-दीड सेकंद जातो. उपाय असा की पुकारा खिडकी बंद होण्यावर न ठेवता नायिकेचा हात कडीकडे उचलला जाण्यावर ठेवावा. परंतु ही सूचना हेडसेटवर "उशीर होतोय" अशा शब्दांत गेली तर व्यवस्थापक दुखावते, चालक घाबरतो आणि पुढचे दहा क्यू घाईने सुटतात. "हात उचलल्यावर घेऊन पाहू या का" अशा शब्दांत गेली तर काम दोन मिनिटांत संपते. हेडसेट सगळे ऐकत असतात, हे विसरू नये.

याच तालमीत आणखी काही सवयी लावून घ्याव्यात. अंधार करण्यापूर्वी मोठ्याने पुकारावे आणि रंगमंचावरून उत्तर आल्याशिवाय अंधार करू नये, कारण कोणीतरी शिडीवर किंवा रंगमंचाच्या जमिनीतल्या दाराच्या कडेला असू शकते. प्रवेशबदलाच्या अंधारात मदतनिसांना किती दिसते हे स्वतः त्यांच्या जागी उभे राहून पाहावे. दिग्दर्शक "हे जरा उदास हवे" म्हणाला तर ताबडतोब निळा रंग न वाढवता, कोणाचा चेहरा कमी दिसला तरी चालेल, हे विचारावे; उत्तर मिळाले की काय कमी करायचे ते आपोआप कळते. दुरुस्त्यांची यादी दर रात्री लिहून काढावी आणि सकाळी ज्याचे काम त्याच्याकडे पोहोचवावी.

पाचवी पायरी : सहायक ते स्वतंत्र प्रकाशयोजनाकार

अनुभवी प्रकाशयोजनाकाराचा सहायक म्हणून काम करताना त्याची शैली उचलण्यापेक्षा त्याचे निर्णय कसे होतात ते पाहावे : पैसे कमी पडले तेव्हा त्याने काय सोडले, वेळ संपला तेव्हा कोणते क्यू कच्चे ठेवले. स्वतंत्र कामे लहान जागांपासून घ्यावीत. बारा दिव्यांत एक पूर्ण नाटक उजळून दाखवणे ही परीक्षा फार चांगली असते, कारण तिथे प्रत्येक दिव्याला दोन-तीन कामे करावी लागतात.

करार नेहमी लेखी असावा. मानधन किती टप्प्यांत मिळणार, किती तालमींना आणि तांत्रिक दिवसांना हजर राहायचे, जाहिरातीत नाव कोठे येणार, आणि प्रयोग दुसऱ्या सभागृहात हलला किंवा काही वर्षांनी पुन्हा उभा राहिला तर योजना वापरण्याचे मानधन व अधिकार काय, हे त्यात स्पष्ट लिहिलेले असावे. आज मानधनासाठी करार वाचणारा माणूसच उद्या इतरांचे करार लिहिणार आहे, म्हणून कलमे समजून घेण्याचा आळस करू नये. प्रयोगाची छायाचित्रे स्वतः काढून घ्यावीत किंवा छायाचित्रकाराशी आधी बोलून ठेवावे; प्रसिद्धीसाठीच्या छायाचित्रांत बहुतेक वेळा आपला प्रकाश वाढवलेला असतो. जगभरातील रंगभूमीची दृश्य बाजू एकत्र पाहायची असेल तर १९६७ पासून भरत आलेले प्राग चतुर्वार्षिक प्रदर्शन उपयोगी आहे, आणि रंगभूमीच्या तंत्रज्ञ व वास्तुरचनाकारांची ऑइस्टाट ही आंतरराष्ट्रीय संघटना १९६८ पासून कार्यरत आहे.

सहावी पायरी : वेळेचा हिशेब मांडणे

प्रकाशाकडून निर्मिती व्यवस्थापनाकडे जाण्याचे दार कोठे आहे असे विचारले, तर मी वेळापत्रकाकडे बोट दाखवीन. समजा आराखड्यात ९० दिवे आहेत आणि एका दिव्याच्या फोकसला तीन मिनिटे लागतात. म्हणजे २७० मिनिटे, साडेचार तास. शिडीवर दोन जोड्या चढवल्या तरी हा वेळ निम्मा होत नाही, कारण सावली पाहणारा माणूस एकच आहे. शिवाय या काळात रंगमंचावर अंधार लागतो आणि नेपथ्याच्या लोकांना नेमका तेव्हाच लख्ख उजेड हवा असतो. पुढे ८० क्यूंच्या तीव्रता ठरवायला प्रत्येकी चार मिनिटे धरली तर ३२० मिनिटे, म्हणजे पाच तास वीस मिनिटे होतात. एकूण दहा तासांच्या आसपास. हाती सहाच तास असतील तर मार्ग तीनच उरतात : दिवे कमी करणे, काही क्यू संगणकावरच्या आभासी रंगमंचावर आधी बसवून आणणे, किंवा एक रात्र वाढवून मागणे. तिन्हींची किंमत निराळी आहे.

ही बेरीज सभागृहात शिरल्यावर करणारा प्रकाशयोजनाकार तक्रार करताना दिसतो. तीच बेरीज महिनाभर आधी, तिन्ही मार्गांच्या खर्चासह, निर्मिती व्यवस्थापकापुढे ठेवणारा माणूस आपसूकच त्याच्या शेजारी बसू लागतो. त्यानंतर आपल्या विभागापुरते न थांबता नेपथ्य, ध्वनी, वेशभूषा यांचाही असाच हिशेब उद्‌घाटनाच्या दिवसापासून उलटा मांडून पाहावा. पहिला प्रयोग, त्याआधी रंगीत तालीम, त्याआधी तांत्रिक तालमी, त्याआधी फोकस, त्याआधी दिवे टांगणे, आणि बार खाली मोकळे असतानाच दिवे टांगता येत असल्याने नेपथ्य उभारणे दिवे टांगून झाल्यावर, पण फोकसच्या आधी, असा क्रम लागतो. माणसांच्या विश्रांतीचे तास यात शेवटी उरले तर घालायचे नसतात, ते आधी बांधून ठेवायचे असतात. युरोपीय संघाच्या नियमांत दर २४ तासांत सलग ११ तासांची विश्रांती धरलेली आहे, आणि जेथे असा नियम नाही तेथेही तो आकडा मापदंड म्हणून वापरावा.

सातवी पायरी : निर्मितीच्या जबाबदारीकडे

या टप्प्यावर पदांमधला फरक नीट समजून घ्यावा. रंगमंच व्यवस्थापक प्रयोग चालवतो. तांत्रिक संचालक जागा, यंत्रे आणि बांधकाम सांभाळतो. निर्मिती व्यवस्थापक सर्व विभागांचा पैसा, वेळ आणि माणसे यांचा मेळ घालतो. निर्माता किंवा संस्थाप्रमुख मुळात काय करायचे आणि ते कोणासाठी करायचे याचा निर्णय घेऊन त्यासाठी पैसा उभा करतो. पहिली संधी बहुधा दौऱ्यावरचा प्रकाशप्रमुख किंवा महोत्सवाचा तांत्रिक समन्वयक म्हणून मिळते. महोत्सवात एकाच रंगमंचावर दिवसाला दोन-तीन प्रयोग असतात आणि सर्वांसाठी एकच सामाईक दिव्यांची मांडणी करावी लागते. प्रत्येक संचाला थोडे कमी देऊन सर्वांना समाधानी कसे ठेवावे, हे शिकण्यासाठी याहून चांगली जागा मला माहीत नाही.

अंदाजपत्रक करताना भाडे आणि साहित्य सर्वांना आठवते; वाहतूक, जादा तासांचे वेतन, जिलेटिनचे (दिव्यापुढे लावायचे रंगीत) कागद, चिकटपट्ट्या, बॅटऱ्या, विमा, लेखनाचे आणि संगीताचे हक्क, प्रयोग संपल्यावर सामान उतरवण्याचे श्रम आणि साठवणीचे भाडे ही नावे मात्र विसरली जातात. एकूण रकमेच्या सुमारे दहा टक्के राखीव ठेवण्याची पद्धत आहे. ती रक्कम कोणत्याही विभागाच्या नावावर टाकू नये, आणि ती अस्तित्वात आहे हे सर्वांना सांगितलेच पाहिजे असेही नाही. दिवे विकत घ्यावेत की भाड्याने, यासारख्या प्रश्नात केवळ किंमत पाहू नये : एलईडी दिवा महाग असला तरी वीज, वातानुकूलन, जिलेटिन आणि शिडीवर चढण्याचे तास वाचवतो, पण वर्षातून चारच प्रयोग होणार असतील तर ती बचत कधीच वसूल होत नाही.

बैठकीचे टिपण त्याच दिवशी जावे आणि त्यात प्रत्येक ओळीपुढे काम, नाव आणि तारीख असावी. "नेपथ्य आणि प्रकाश यांनी आपसांत ठरवावे" अशी ओळ टिपणात दिसली की ते ठरणार नाही, असे खुशाल समजावे.

प्रकाशातून आलेल्या माणसाची एक खोड येथे सुटावी लागते. वर्षानुवर्षे आपल्या वाट्याचा वेळ वाचवण्यासाठी भांडल्यामुळे त्याचा कल नकळत प्रकाश विभागाकडे झुकतो, किंवा निःपक्षपाती दिसण्याच्या हट्टापायी तो प्रकाशयोजनाकारालाच सर्वांत जास्त कात्री लावतो. दुसरी चूक पहिलीपेक्षा वाईट, कारण ती तत्त्वनिष्ठा वाटते. याशिवाय नव्या प्रकाशयोजनाकाराच्या खांद्यावरून वाकून तीव्रता सुचवण्याचा मोह आवरावा. निर्मितीप्रमुखाने सांगितलेली साधी सूचनाही आज्ञा ठरते. एकाच प्रयोगात दोन्ही पदे घेऊ नयेत. संच अगदीच लहान असल्याने ती घ्यावीच लागली तर प्रकाशाच्या खर्चाला मंजुरी देण्याचे काम तिसऱ्या व्यक्तीकडे लेखी सोपवावे.

आठवी पायरी : सुरक्षेचे उत्तरदायित्व

३० डिसेंबर १९०३ रोजी शिकागोच्या इरोक्वाय थिएटरमध्ये रंगमंचावरच्या आर्क दिव्याच्या ठिणगीने पडद्याने पेट घेतला आणि सहाशेहून अधिक माणसे मेली. ठिणगी दिव्याची होती, पण बळी इतके गेले ते इतर गोष्टींमुळे : आगीपासून संरक्षण देणारा पडदा अर्ध्यावर अडकला, बाहेर पडण्याच्या अनेक दारांना कुलपे होती किंवा ती सहज उघडत नव्हती. सभागृह नवे होते आणि ते अग्निसुरक्षित असल्याची जाहिरात करण्यात आली होती. प्रकाशाच्या विभागात असताना आपली जबाबदारी दिव्यापाशी संपते. निर्मितीप्रमुख झाल्यावर ती दारापर्यंत जाते.

म्हणून प्रत्येक नव्या जागेत शिरताना काही गोष्टी स्वतः चालत जाऊन पाहाव्यात. बाहेर पडण्याची सर्व दारे आतून ढकलून उघडून पाहावीत. आगीचा पडदा असल्यास तो खाली येऊन पूर्ण टेकतो का, आणि त्याच्या मार्गात आपल्याच संचाचा एखादा दिवा किंवा स्पीकर येत नाही ना, हे तपासावे. बारवर टांगलेल्या एकूण वजनाची नोंद घेऊन ती त्या बारच्या मर्यादेशी ताडावी. धोक्यांची यादी, प्रत्येक धोक्याची तीव्रता आणि त्यावरचा उपाय असा लेखी आढावा तांत्रिक तालमीपूर्वी सर्वांना वाचून दाखवावा. प्रयोग थांबवण्याचा अधिकार कोणाकडे आहे हे नाव घेऊन सांगावे, आणि त्या व्यक्तीने तो वापरला तर नंतर तिला जाब विचारला जाणार नाही याची हमी द्यावी. ही हमी तिकिटे विकली गेलेल्या रात्रीही टिकली पाहिजे.

नववी पायरी : पदासाठी अर्ज आणि पुढची तयारी

संस्थेतील पदासाठी अर्ज करताना प्रकाशयोजनांची यादी जशीच्या तशी पाठवू नये. कामाची दोन वेगळी टिपणे ठेवावीत : एकात छायाचित्रे, दिग्दर्शकांची नावे आणि प्रयोग; दुसऱ्यात किती माणसांचा चमू सांभाळला, किती मोठे अंदाजपत्रक हाताळले, ते किती फरकाने पाळले गेले आणि वेळापत्रक कोठे, का बदलले हे. मुलाखतीत बहुधा एखाद्या कोलमडलेल्या निर्मितीबद्दल विचारले जाते. त्या वेळी इतर विभागांना दोष न देता निर्णयांचा क्रम सांगता येणे महत्त्वाचे ठरते. आकडे वाचण्याची सवय नसेल तर लेखापालाबरोबर बसून ताळेबंद आणि रोख प्रवाह यांतला फरक शिकून घ्यावा. संस्था नफ्यात दिसत असूनही महिनाअखेरीस वेतनाला पैसे नसू शकतात, हे त्यातूनच कळते.

शक्य असेल तर वर्षातून एखादी प्रकाशयोजना दुसऱ्याच्या निर्मितीत करत राहावी. अंधारात बसून पुकाऱ्याची वाट पाहणाऱ्याला वेळापत्रकातली अर्ध्या तासाची कपात काय असते ते आठवत राहते, आणि नव्या पिढीची यंत्रेही हाताखालून जातात. प्रत्येक निर्मिती संपल्यावर मूळ आराखडा, बोर्डाची फाइल, करार, अंतिम हिशेब आणि वेळापत्रकाच्या दोन्ही प्रती, ठरवलेली आणि प्रत्यक्षात घडलेली, एकत्र करून ठेवाव्यात. पुढच्या निर्मितीचा पहिला अंदाज बांधताना या दोन प्रतींतला फरकच आधी पाहावा.